गिरणीवाला सरपंच आणि बारा नावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एस.टी.चा निवृत्त वाहक. नोकरीची बहुतेक वर्षं कळंब आगारात गेली. तुमच्या धाराशिवच्या कार्यालयाचा जिना मी कितीदा चढलो त्याची मोजदाद नाही, पण स्वतःच्या कामासाठी एकदाही चढलो नाही. हातात असायचं ते वहीचं फाडलेलं, चार घड्या घातलेलं पान. त्यावर निळ्या शाईत तालुक्यातल्या खो-खो सामन्याचा निकाल, आणि घड्यांमध्ये पीठ. तुमच्याकडे तेव्हा जे उपसंपादक होते त्यांनी एकदा पान टेबलावर झटकून विचारलं, "कुठून येतं हो हे?" मी म्हणालो, "गिरणीतून."

ते लिहिणारा माझा मित्र यंदा पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गेला.

त्याचं नाव या पत्रात मी मुद्दाम लिहीत नाही. इतकी वर्षं त्यानं निकाल पाठवले, त्यात स्वतःचं नाव एकदाही घातलं नाही. कुणी 'मार्गदर्शक' म्हणून लिहून दिलं तर खोडायचा. आता तो नसताना ते छापून आणायला माझं मन धजत नाही. पंचक्रोशीत त्याला सगळे 'सरपंच' म्हणायचे, तेच इथं वापरतो. ग्रामपंचायतीला तो कधी उभा राहिला नाही. खो-खोच्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, त्यावरून ते नाव पडलं आणि मरेपर्यंत टिकलं.

१९७२च्या दुष्काळात आम्ही दोघं चौदा-चौदा वर्षांचे होतो. आई-बापाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. दुपारी सुकडी मिळायची. दिवस कलला, मुकादम गेला की कामावरची लेकरं नव्या टाकलेल्या मुरमावर खो-खो मांडायची. दोन टोकांना दोन पहारी रोवल्या की झाले खांब. चेंडू लागत नाही, जाळी लागत नाही, पायात चप्पल नसली तर उलट बरंच. पोटात अर्धी सुकडी असताना तो असा पळायचा की टेकलेली बायामाणसं उठून बघायची. मी चौकात बसायचो. मला पळता येत नव्हतं, पण खो मिळाल्याबरोबर उठता येत होतं, आणि त्याला तेवढं पुरे होतं. आमची मैत्री तिथली.

पुढं मी एस.टी.त लागलो, त्यानं वडिलांची पिठाची गिरणी धरली. सकाळी मैदानात फक्की मारून पांढरा, दिवसभर गिरणीत पिठानं पांढरा. वहिनी म्हणायच्या, लग्नात हळद लागली तेवढाच एक दिवस मी या माणसाला पिवळा बघितला. विजेच्या वेळा बदलल्या की त्याचा सरावही बदलायचा. रात्रीची लाईट असली की रात्रभर दळायचं, पहाटे साडेपाचला गिरणी बंद करून मैदान गाठायचं. मी पहिल्या गाडीवर निघालो की शाळेच्या कुंपणाआडून त्याची शिट्टी ऐकू यायची.

मुलींचा संघ त्यानं गिरणीतच उभा केला. ही गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण ती मी डोळ्यांनी बघितलेली आहे. दळण घेऊन बायका यायच्या, सोबत डबा धरायला पोरगी. दळण व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात हा बोलणं काढायचा.

"आक्का, लेक कितवीला हाय?"

"सातवीला. का वो?"

"परवा शेरडामागं पळताना बघितली. लई चपळ हाय. सकाळी तासभर मैदानावर पाठवा की."

"आन पाय मोडून बसली तर? उद्या करायचं कुणी तिला?"

"पाय मोडला तर माझ्या दारात आणून बसवा. माझ्या लेकीगत सांभाळतो."

एका दळणात कुणी हो म्हणत नसे. तो पुढच्या आठवड्याच्या दळणाची वाट बघायचा. मग त्याच्या पुढच्या. तोपर्यंत त्या बाईच्या जोंधळ्यात खडा निघाला तर निवडून द्यायचा, पीठ बारीक हवं की भरड हे न विचारता लक्षात ठेवायचा. तिसऱ्या-चौथ्या दळणाला बाई स्वतःच म्हणायची, "पाठवते, पण अर्ध्या चड्डीत नाही पाठवणार." म्हणून आमच्या गावच्या पहिल्या मुलींच्या संघाला वहिनींनी शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडाच्या पायघोळ विजारी शिवल्या. नव्हाळीची ती नऊ-दहा लेकरं त्या निळ्या विजारी घालून तालुक्याला उतरली तेव्हा दुसऱ्या शाळेची पोरं हसली. दुपारी तीनला हसत नव्हती.

आता मैदानाचं. आमच्याकडची काळी माती कापसाला-सोयाबीनला सोनं आहे, खेळायला वैरीण. पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की हात आत जावा. त्याच्या एका चांगल्या पळणाऱ्या पोरीचा पाय अशाच भेगेत अडकून गुडघा गेला. ती पुन्हा खेळली नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे तिच्या घरचं दळण त्यानं तिचं लग्न होईपर्यंत फुकट दळलं. पण ती घटना त्याला लागली. त्या उन्हाळ्यात त्यानं माळावरून बैलगाडीनं मुरूम आणला, गिरणीतली जुनी मोठी चाळणी काढली आणि सगळा मुरूम चाळला. मी सुट्टी काढून आठ दिवस त्याच्यासोबत होतो. वरची काळी माती वीतभर उकरून काढायची, खाली जाड मुरूम, वर बारीक, मग पाणी, मग धुम्मस. पाणी मारल्यावर लगेच धुम्मस मारायची नाही. तो उकिडवा बसून मूठभर माती दाबायचा, मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. "वापसा आला बघ," असं म्हणून उठायचा. खांब बाभळीचे. रंध्याने इतके गुळगुळीत केलेले की पोरींनी धावत येऊन हात फिरवला तरी कूस लागू नये. दर दसऱ्याला गिरणीच्या यंत्राची पूजा व्हायची तेव्हा ते दोन खांबही शेजारी उभे करायचा, जवसाचं तेल लावून, झेंडूची माळ घालून.

त्याचं सरपंचपण कसं होतं ते एका सामन्यावरून कळेल. तालुक्यात परवानाधारक पंच तेव्हा मोजून दोन. अंतिम सामन्याला दुसऱ्याच्या घरी मयत झाली, तो आला नाही. उरला हा, आणि सामना याच्याच पोरींचा. समोरच्या शाळेचे क्रीडाशिक्षक म्हणाले, "सरपंच हायेत ना? मग चालतंय आम्हाला." शेवटच्या डावात अर्धा मिनिट राहिलेला, एक गडी मारला की आमची बरोबरी. आमच्या पोरीनं समोरची मुलगी टिपली. बघणारे नाचायला लागले. आणि याची शिट्टी. मारणारी पोरगी खो मिळायच्या आधी उठली होती. पाठीला हात लागायचा होता, आवाज यायचा होता, आणि ती जमिनीवरून सुटली होती. मी खांबाजवळच उभा होतो, मला दिसलं नाही. समोरच्या शिक्षकांना दिसलं नाही. त्या पोरीनंही नंतर सांगितलं की तिला स्वतःला कळलं नाही. त्याला दिसलं. गडी बाद नाही. एका गुणानं हरलो.

त्या पोरीचा बाप मैदानातच भांडला. दोन महिने त्यानं दळण दुसऱ्या गिरणीत नेलं, डोक्यावर डबा घेऊन आमच्या दारावरून मुद्दाम जायचा. सरपंच काही बोलला नाही. पोरगी मात्र एक दिवसही सराव चुकली नाही, आणि पुढच्या वर्षी तिच्याइतकं खिळून बसणारं चौकात कुणी नव्हतं. पोळ्याच्या दिवशी बाप पुरणपोळीचं दळण घेऊन आला, डबा ठेवला आणि म्हणाला, "बारीक दळ." एवढंच. दोघांत त्या गोष्टीचा विषय परत निघाला नाही.

आता तुमच्या वर्तमानपत्राशी ज्याचा संबंध आहे ते लिहितो.

सामना संपला की लोक ट्रॉफीचे फोटो काढत असायचे आणि हा खांबाला पाठ लावून मांडीवर वही घेऊन बसलेला. निकाल दोन ओळींत. कुणी किती वेळ पळती दिली, कुणी किती गडी टिपले ते तिसऱ्या ओळीत. त्याखाली संघातल्या बाराही जणींची नावं. खेळणाऱ्या नऊ आणि बसलेल्या तीन, सगळ्या. प्रत्येकीला समोर बसवून तिच्याकडून तिचं नाव म्हणवून घ्यायचा, शाळेच्या दाखल्यावर जसं आहे तसं, ऱ्हस्व-दीर्घ विचारून. मग पान माझ्याकडे. मी ते तिकिटांच्या पेटीत, शंभराच्या नोटांखाली ठेवायचो. येरमाळा, येडशी करत गाडी धाराशिवला पोचली की जेवणाच्या सुट्टीत तुमच्याकडे.

एकदा छपाईत एका पोरीचं आडनाव दुसरीला लागलं. पोरगी अंक घेऊन गिरणीत आली आणि रडत म्हणाली, "सर, ही मी न्हाई." दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून तो माझ्याच गाडीत बसला. कार्यालयात कुणावर आवाज चढवला नाही. दोन ओळींची दुरुस्ती छापून येईपर्यंत रोज फोन करीन म्हणाला आणि केला. दुरुस्ती आली. त्या पोरीनं ती आणि मूळ बातमी दोन्ही कापून वहीत चिकटवल्या.

मी त्याला तेव्हा म्हणालो होतो, "अरे, एका आडनावासाठी दिवसाची दळणं बुडवलीस?" त्यानं मला जे सांगितलं ते मी त्या दिवसापर्यंत ध्यानात घेतलं नव्हतं. म्हणाला, "कंडक्टर, हिच्या आज्यानं हिला बघायला पाहुणे बोलावलेत. पंधरावं लागलंय. आज्याला वाचता येत नाही, पण पारावर पेपर वाचून दाखवतात. त्यात नातीचं नाव ऐकलं तर म्हातारा वरीसभर थांबल." म्हातारा थांबला. एक नाही, चार वर्षं. ती मुलगी आज पोलिसात आहे.

आमच्या भागातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता उचलला की घरचं सगळं बिऱ्हाड जातं, पोरगीही जाते, धाकट्या भावंडाला सांभाळायला. शालेय स्पर्धांचे दिवस नेमके तेच. निम्मा संघ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जाताना आम्ही बघितलाय. सरपंच प्रत्येक घरी जाऊन सांगायचा, पोरीला आजीजवळ ठेवा, आजीचं आणि पोरीचं पीठ गुढीपाडव्यापर्यंत माझ्याकडून. किती घरं झाली ते त्यानं लिहून ठेवलं नाही. उधारीची वही मी नंतर चाळली, त्यात काही नावांपुढे आकडाच नाही, नुसती एक आडवी रेघ.

सगळ्या पोरी पुढं गेल्या असं मी म्हणणार नाही. बऱ्याच लग्न होऊन गेल्या, काही स्वतः कोयता घेऊन जातात. पण राज्य पातळीपर्यंत पोचल्या त्यांना दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले, काहींना शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा आधार झाला. एक तर आमच्याच आगारात वाहक म्हणून लागली. माझ्या निवृत्तीच्या दिवशी हार घालायला तीच पुढं आली.

धाराशिवच्या सारिका काळेला २०२०मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा टाळेबंदी होती. २२ वर्षांनी खो-खोला अर्जुन मिळाला होता, आणि तोही आपल्या जिल्ह्यात. सरपंचानं तुमच्या अंकातली बातमी कापून गिरणीच्या दाराला आतून खळीनं चिकटवली. अंतर ठेवून रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईला तोंडाला बांधलेल्या उपरण्यातून सांगायचा, "ही आपल्या धाराशिवची बरं का." त्या कागदावर आता पिठाचा थर बसलाय, पण फोटो दिसतो.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला, रविवारी, अंतिम सामने. त्याला तेव्हा दमा फार झाला होता, पिठाची धूळ आयुष्यभर ओढलेली. वहिनींनी गिरणी बंद करायला लावली होती. तरी त्या संध्याकाळी त्यानं शटर वर केलं, पोत्यांवर पोरी बसवल्या आणि पोराचा मोबाईल हॉपरच्या काठाला टेकवून ठेवला. सुरुवातीला तो नाराज होता. मॅट, रोषणाई, आणि 'वझीर' नावाचा एक खेळाडू कुठल्याही दिशेला वळू शकतो हा नियम त्याला पटेना. "मागं वळायचं नाही म्हणूनच तर खो द्यायचा असतो रे," असं मला दोनदा म्हणाला. पण आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि कर्णधार प्रियंका इंगळे चषक घ्यायला पुढं आली, तेव्हा मी पोरींना सांगितलं की ती मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची. केज आमच्या इथून किती लांब? पोरींना ते खरंच वाटेना. एकीनं विचारलं, "सर, आपल्या केजची?" तो उत्तर द्यायला गेला आणि त्याला ढास लागली. ढास थांबल्यावर त्यानं नुसती मान हलवली आणि बराच वेळ हलवतच राहिला.

नंतर तो मैदानावर आला तो खुर्चीत बसून. शिट्टी वाजवायला दम पुरत नव्हता म्हणून हातात स्टीलचा पेला आणि चमचा. श्रावणात दवाखान्यात न्यावं लागलं. मी शेवटचा भेटलो तेव्हा नाकाला नळी होती, बोलायची मनाई होती. त्यानं माझ्या तळहातावर बोटानं १७ काढलं. सतरा सप्टेंबरचे सामने. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की आमच्या मैदानावर सामने होतात, इतकी वर्षं चुकलेले नाहीत. मी म्हटलं, होतील.

१७ला झाले नाहीत. यंदाचा सप्टेंबर मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. रानं वाहून गेली, सोयाबीन पाण्यात सडलं, मांजरा नदी काठ सोडून आली. मैदानात गुडघाभर पाणी होतं. लोकांच्या घरात पाणी असताना खो-खोचं कुणाला काढावं, मीही गप्प बसलो. दसरा झाल्यावर एका सकाळी कुंपणाआडून आवाज आला म्हणून गेलो, तर पोरी. बारा-पंधरा जणी. घमेली, खोरी घेऊन चिखलाचा थर ओढून काढत होत्या. गिरणीतली ती मोठी चाळणी कुणीतरी वहिनींकडून मागून आणलेली. एक पोरगी उकिडवी बसून मूठभर माती दाबून बघत होती. मूठ उघडली, टिचकी मारली, आणि दुसरीला म्हणाली, "आज न्हाई. उद्या." मला तिथं उभं राहवलं नाही.

सामने मागच्या रविवारी झाले. पाच गावांचे संघ आले. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या अजून निघायच्या होत्या म्हणून संघ पूर्ण होते. ट्रॉफी नव्हती, वहिनींनी प्रत्येक पोरीला नारळ दिला.

संपादक साहेब, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली मैदानाची. त्याच्या एका कोपऱ्यात कुठल्याशा कामाची खडी येऊन पडलीय आणि वर्ष झालं तरी हललेली नाही. कुणाची ते मी इथं लिहीत नाही, ज्यांची आहे ते तुमचा अंक वाचतात. खडीचा ढीग एका खांबापासून आठ पावलांवर आहे आणि पळणारी पोरगी खांबाला वळसा घालते तेव्हा तिचं लक्ष ढिगाकडे नसतं.

दुसरी गोष्ट निकालाची. हल्ली तालुक्याचे निकाल छापून येत नाहीत. आले तर 'अमुक शाळा विजयी' एवढंच, आणि सोबत पाहुण्यांची नावं. जागेची अडचण असते हे मला समजतं. क्रिकेटला वाचक आहेत हेही समजतं. पण आमच्या पारावर अजून पेपर मोठ्यानं वाचतात, आणि ऐकणाऱ्यांत आजे असतात.

निकाल वेगळ्या कागदावर जोडला आहे. विजयी संघाच्या बारा आणि उपविजयी संघाच्या बारा, सगळ्यांची नावं आहेत. सरपंचानं शिकवलं तसं एकेकीला समोर बसवून, दाखल्यावर बघून, काना-मात्रा तपासून लिहिलीत. शाई निळीच आहे. जागा कमी पडली तर माझं हे पत्र हवं तिथं कापा, किंवा छापूच नका. नावं तेवढी कापू नका.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक,
ता. कळंब, जि. धाराशिव